बद्द वाजणारी भिंत

बाथरूमची जुनी टाइल फोडण्याआधी मी ती वाजवून बघतो. मडकं घेताना आपण टिचकी मारतो ना, तसंच; फक्त बोटाऐवजी करणीची लाकडी मूठ. भरीव भिंत खणखणीत वाजते, सुटलेली बद्द. शॉवरखाली, कमरेच्या उंचीपर्यंत, जुन्या भिंती बहुधा बद्दच वाजतात. घरमालकाला वाटतं मिस्त्री टाइल तपासतोय. टाइलला काय धाड भरलीय? मागचा मसाला सुटलेला असतो.

नवी मुंबईतल्या आमच्या शिरवण्यात गावठाणातली घरं आणि साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवरच्या इमारती एकमेकींना खेटून आहेत. १९८४च्या जानेवारीत जासईच्या आंदोलनात पाच जणांनी जीव दिला, तेव्हा कुठे सिडकोने घेतलेल्या जमिनीतला हा वाटा भूमिपुत्रांकडे परत यायची वाट मोकळी झाली. गावठाणात मात्र पोरगं लग्नाला आलं की मजला चढायचा, आणि बाथरूम उरलेल्या जागेत, चार इंची भिंतीत बसायचं. अशा भिंतीची टाइल उतरवली की कधी लोणा दिसतो, पांढरी भुरभुरीत पूड. खाडीची रेती नीट न धुता वापरली असेल तर तिचं मीठ भिंतीतच राहतं आणि ओल धरून ठेवतं. त्यावर नवी टाइल चिकटवणं म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे पाण्यात. प्लास्टर विटेपर्यंत खरवडायलाच हवं.

तोडफोड वरून खाली करायची. त्याआधी नहाणी ट्रॅपमध्ये गोणपाट कोंबायचं, नाहीतर डेब्रिज पाईपात जातं आणि भांडण खालच्या मजल्यावर पोचतं. गळतं वरच्याचं, डाग पडतो खालच्याच्या छताला, आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये दोघंही मिस्त्रीला शिव्या घालतात. भिंत उघडीच आहे तर आतला गंजका लोखंडी पाईप काढून सीपीव्हीसी टाकून घ्यावा, दाब देऊन तपासावा. मग प्लास्टर, त्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात, एक आडवा, एक उभा. जमिनीवर पाणी तुंबवून निदान एक दिवस ठेवायचं आणि खालच्यांचं छत बघून यायचं. पाणी अडवतो तो हा थर. टाइल आणि सांधे पाणी बाहेर ढकलतात, पण थोडंफार झिरपतंच. लोक दुकानात टाइलचा रंग निवडायला दोन रविवार घालवतात आणि या थराचे पैसे कापतात!

पूर्वीची सिरॅमिक टाइल पाणी पिते, वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्तच. म्हणून ती टबात भिजत घालायची, बुडबुडे थांबले की काढायची. कोरडी लावली तर मसाल्यातलं पाणी शोषते आणि सिमेंट उपाशी राहतं. आता मोरबीहून येणाऱ्या मोठ्या व्हिट्रिफाइड टाइला अर्धा टक्काही पीत नाहीत. सिमेंटच्या रबडीला धरायला काही मिळत नाही, त्यामुळे अॅडेसिव्हच लागतं. ते खाचांच्या करणीने सगळीकडे सारखं ओढायचं. पण घाईची पोरं पाठीवर पाच गोळे ठेवतात, चार कोपऱ्यांत चार, मधे एक, आणि थापटून मोकळी होतात. वरून एकदम सुरेख दिसतं. वाजवून बघा, गोळ्यांच्या मधे बद्द. त्या पोकळीत पाणी साठतं.

भिंत गुण्यात, म्हणजे काटकोनात, कधीच नसते. म्हणून सुरुवात तळापासून नाही, दुसऱ्या ओळीपासून, खाली पट्टी ठोकून. तळाची ओळ ढाळाप्रमाणे कापून शेवटी. कापलेला तुकडा दारामागच्या कोपऱ्यात जावा, शॉवरसमोर नको. ‘सांधा दिसायलाच नको’ म्हणणाऱ्यांशी मी भांडतो. दोन मिलिमीटर तरी द्या. तापून थंडावणाऱ्या भिंतीला हलायला जागा लागते. कोपऱ्यात तर ग्राउट नकोच, सिलिकॉन भरावं.

सगळं झाकायच्या आधी मी पाईपलाइनचे फोटो काढतो, टेप धरून, आणि घरमालकाला पाठवतो. कारण पुढे गीझरवाला येणार, ड्रिल मशीन घेऊन, नेमका पाईपावर. मग तिकडून फोन येतो : “मिस्त्री, ते फोटो परत पाठवा ना, मोबाइल बदलला.”