गुंडलुपेटचा वाळा

म्हैसूरहून उटीला निघालात की बांदीपूरच्या जंगलाअगोदर गुंडलुपेट लागते. ऐन पावसाळ्यात सूर्यफूल आणि झेंडूची शेते रस्त्याच्या दोन्ही अंगांना फुललेली असतात. लोक फोटो काढायला थांबतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मी उतरलो तो बांध पाहायला.

त्याला कारण घरचेच होते. मी शेतीचा पदवीधर, गावोगाव सल्ला देत फिरणारा. पण घरामागच्या उतारावर रोपवाटिकेतले लाल तुऱ्याचे शोभेचे गवत हात-हात अंतरावर झुपक्यांनी लावले. पहिल्याच मोठ्या पावसात झुपक्यांमधून पाणी धावले, घळ पडली आणि परसातली माती गोठ्याच्या दारात! आमची मंडळी अजून तो विषय काढतात.

गुंडलुपेटला तांबडी, उताराची जमीन. तिथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हद्दीवर वाळ्याच्या दाट ओळी राखल्या. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या रिचर्ड ग्रिमशॉ व जॉन ग्रीनफिल्ड यांनी वाळ्याचा प्रसार सुरू केला, तेव्हा हेच बांध उदाहरण ठरले. आपल्याला मात्र वाळा म्हटले की माठातले पाणीच आठवते.

ओळीजवळ उभे राहिलो आणि माझी चूक समजली. दाट ओळ पाणी अडवत नाही, गाळून सोडते. वेग मोडतो, माती वरच्या अंगाला बसते. मुळे आडवी न पसरता सरळ दोन-तीन मीटर खोल जातात, म्हणून शेजारच्या पिकाला त्रास कमी.

तुम्ही लावणार असाल तर बियांनी न पसरणारी दक्षिणेकडची जात मागा. पावसाच्या तोंडाला, उताराला आडवे, समपातळीत, १० ते १५ सेंटिमीटरवर ठोंब लावा. एक ठोंब मेला तरी तिथून पाणी वाट काढते, म्हणून नांगी लगेच भरा. कोवळा पाला गुरे खातात, तेव्हा सुरुवातीला राखण हवीच. आणि मुळ्या विकायच्या मोहाने ही ओळ खणू नका. त्यासाठी वेगळा वाफा करा.

घरावरच्या डोंगराला भेगा पडल्या असतील, तर मात्र गवताच्या भरवशावर एक रात्रही काढू नका. माणसे हलवा, तहसील कचेरीला कळवा.

२०२० च्या जूनमध्ये मी परसात वाळा लावला. तिसऱ्या पावसाळ्यात गोठ्याच्या दारात माती आली नाही. लाल तुऱ्याचे दोन झुपके अंगणात ठेवलेत. दिसायला छानच आहेत.