आठही दिवे लागले तरी

व्हाइट-ऑरेंज, ऑरेंज, व्हाइट-ग्रीन, ब्लू, व्हाइट-ब्लू, ग्रीन, व्हाइट-ब्राऊन, ब्राऊन. लॅनचं काम करणाऱ्याला झोपेतून उठवून विचारलं तरी हा क्रम सांगता येतो. याला टी-५६८-बी म्हणतात. नवख्याला मात्र त्यात गफलत दिसते. केशरी जोडी शेजारीशेजारी, तपकिरीही शेजारीशेजारी, आणि हिरव्या जोडीची तेवढी ताटातूट. तिची एक तार तिसऱ्या जागी, दुसरी सहाव्या, आणि मध्ये निळी जोडी ठाण मांडून बसलेली. याचं मूळ टेलिफोनात आहे. त्याच्या जॅकमध्ये पहिली जोडी मधोमध आणि दुसरी तिच्या दोन्ही बाजूंना असायची. ती मांडणी पुढे कॉम्प्युटरच्या कनेक्टरातही तशीच आली.

शिस्तीच्या माणसाला हे पाहवत नाही. कोथरूडच्या एका फ्लॅटमध्ये कुणीतरी हा क्रम 'सुधारून' ठेवला होता. केशरीशेजारी केशरी, हिरव्याशेजारी हिरवी, निळ्याशेजारी निळी, आणि केबलच्या दोन्ही टोकांना अगदी तस्संच. आमच्याकडचा नेहमीचा टेस्टर लावला, तर एक ते आठ दिवे ओळीने लागले. टेस्टरच्या मते केबल पास. घरातले लोक मात्र मेटाकुटीला आलेले. व्हिडिओ कॉल मध्येच गोठायचा, मोठी फाइल पाठवायला घेतली की अर्ध्यात अडकायची. लॅपटॉप बदलून झाला होता, राउटर बदलून झाला होता. केबलवर संशय कुणी घेतलाच नाही, कारण ती 'टेस्ट केलेली' होती.

या टेस्टरला एकच गोष्ट कळते: या टोकाची तिसरी तार त्या टोकाला तिसरीच निघते की नाही. कोणती तार कोणाबरोबर पिळलेली आहे, हे त्याला कळत नाही, आणि सगळी मेख तर त्या पिळात आहे. जोडीतल्या दोन तारांमधून एकच संदेश उलटसुलट चिन्हाने जातो आणि पलीकडचं यंत्र दोघींची वजाबाकी करतं. ट्यूबलाइटचा, मिक्सरचा, शेजारच्या वायरचा जो काही गोंगाट वाटेत शिरतो, तो पिळामुळे दोन्ही तारांवर जवळपास सारखाच पडतो आणि वजाबाकीत उडून जातो. ही युक्ती अलेक्झांडर ग्रॅहम बेलची. १८८१ साली टेलिफोनच्या तारांसाठी त्याने तिचं पेटंट घेतलं. केबलचं वरचं आवरण वीतभर सोलून बघा. चारही जोड्यांचे पीळ वेगवेगळे दिसतील, कुठे घट्ट, कुठे सैल. सगळे सारखे असते तर एका जोडीचं बोलणं दुसरीत उतरलं असतं. कोथरूडच्या त्या केबलमध्ये यंत्राने तिसरी आणि सहावी तार एक जोडी म्हणून धरली होती. तिथे एक होती हिरव्या जोडीतली आणि दुसरी निळ्या जोडीतली. पीळ होता, पण परक्याशी.

दोन्ही टोकं कापून पुन्हा क्रिंप केली. काम पाचएक मिनिटांचं. त्याचे पैसे मागताना मलाच अवघडल्यासारखं होतं.

या धंद्यात दिव्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे मला हळूहळू उमगत गेलं. इथरनेटचा स्वभावच तसा आहे, ते तक्रार करत नाही. नळ गळला तर फरशी ओली होते, विजेची वायर सैल असली तर ठिणगी उडते, वास येतो. लॅनची केबल बिघडली तर ती मुकाट्याने आपला वेग कमी करते आणि हिरवा दिवा लावून बसते. १९९५ साली आलेल्या शंभर मेगाबिटच्या इथरनेटला चारपैकी दोनच जोड्या लागतात, केशरी आणि हिरवी. १९९९ साली तांब्यावरच्या गिगाबिटचं मानक आलं, त्याला चारही लागतात. आता समजा, भिंतीतल्या जॅकमागे तपकिरी तार तुटली. दोन्हीकडची यंत्रं आधी गिगाबिटचा प्रयत्न करतात, जमत नाही, आणि बहुतेक नव्या चिप मग काही न बोलता शंभरावर उतरतात. घरी तीनशेचा प्लॅन आणि वेग मोजला की पंचाण्णवच्या आत-बाहेर. असा आकडा कुणी फोनवर सांगितला की मी निघतानाच खिशात नवा जॅक टाकतो. लोक मात्र तोवर इंटरनेटवाल्याशी भांडून मोकळे झालेले असतात.

म्हणून मी माणसांना सेटिंगमधली एक ओळ दाखवून ठेवतो. विंडोजमध्ये नेटवर्कच्या पानावर इथरनेट उघडलं की 'लिंक स्पीड' दिसतो. तिथे हजार-हजार हवं. शंभर दिसलं तर तार शोधायची.

पण ही ओळही पुरती खरी नसते. त्याला कारण ॲडाप्टर.

मार्च २०२० नंतर पुण्यात घरोघरी ऑफिसं भरली आणि पुष्कळांना तेव्हा पहिल्यांदाच कळलं की आपल्या लॅपटॉपला लॅनचं भोकच नाही. लॅपटॉप इतके पातळ झाले की तो चौकोनी जॅक त्यांच्या कडेत मावेना. मग यूएसबीला लावायचा ॲडाप्टर आला. कुणी त्याला डोंगल म्हणतं, कुणी कन्व्हर्टर, तपकीर गल्लीतल्या दुकानांत 'यूएसबी टू लॅन' म्हटलं की पुरतं. आतली चिप बहुधा रिअलटेकची नाही तर एएसआयएक्सची. वर कुणाचंही नाव छापलेलं असो, मी आधी आतली चिप कोणती ते विचारतो. दुकानदार कधी सांगतो, कधी माझ्याकडे नुसता बघत राहतो.

ॲडाप्टर गिगाबिटचा, केबल चोख, सेटिंगमध्ये हजार-हजार, आणि तरी तीनशेच्या पुढे काही मिळत नाही. अशा वेळी मी टेबलाखाली वाकतो. ॲडाप्टर एखाद्या जुन्या हबमध्ये किंवा यूएसबी २ च्या पोर्टमध्ये खोचलेला सापडतो. यूएसबी २ ची कागदावरची मर्यादाच ४८० मेगाबिट, हातात येतात त्याहून पुष्कळ कमी. यूएसबी ३ ला ५ गिगाबिटपासून पुढे, तिथे गिगाबिट आरामात मावतो. 'लिंक स्पीड' सांगतो तो केबलचा, म्हणजे ॲडाप्टरपासून स्विचपर्यंतचा. ॲडाप्टरपासून लॅपटॉपपर्यंतच्या दोन इंचांबद्दल तो चकार शब्द काढत नाही. दारापर्यंत हमरस्ता आणि दारातून आत बोळ, असा तो प्रकार.

याहून चकवणारा प्रकार टाइप-सीच्या ऑल-इन-वन हबचा. एका बाजूला एचडीएमआय, दुसरीकडे लॅन, वर दोन-तीन यूएसबी. सकाळी नेट उत्तम चालतं, दुपारी मोठी स्क्रीन लावली की मंदावतं. टाइप-सीच्या केबलमध्ये वेगवान डेटासाठी चारच मार्गिका असतात. काही हब फोर-के स्क्रीनसाठी चारही चित्राला देऊन टाकतात. मग बाकी सगळ्यांना उरतो यूएसबी २ चा जुना तारांचा जोड, आणि लॅनही त्याच रांगेत उभं राहतं. ग्राहकाला हे सांगितलं तर त्याला वाटतं, हा बहाणे करतोय. मग मी स्क्रीनची केबल काढून वेग मोजून दाखवतो, लावून पुन्हा मोजतो. साधा, एकट्या लॅनचा ॲडाप्टर वेगळ्या पोर्टला लावावा, हे माझं ठाम मत. एका डबीत पाच सोयी घेतल्या की त्यांतल्या दोन तरी एकमेकींचे पाय ओढतात.

ॲडाप्टरची आणखी एक गंमत. मॅक ॲड्रेस, म्हणजे ४८ बिटांचा तो पत्ता, लॅपटॉपचा नसतो, ॲडाप्टरचा असतो. राउटरमध्ये मुलाच्या लॅपटॉपसाठी रात्री दहानंतर इंटरनेट बंद करून ठेवलंय, आणि मुलगा आईचा ॲडाप्टर लावून बिनदिक्कत खेळतोय, हे मी पाहिलंय. त्याला मी कामावर ठेवायला तयार होतो.

खरेदीत सगळ्यात मोठी फसगत केबलमध्ये होते. ३०५ मीटरची पेटी येते, म्हणजे हजार फूट. एकाच्या पेटीवर कॅट-६ लिहिलेलं, दुसऱ्याच्या पेटीवरही कॅट-६, आणि किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. स्वस्त पेटी उचलून बघा, हाताला हलकी लागते. आतली तार ॲल्युमिनियमची, वर तांब्याचा नुसता मुलामा. बाजारात तिला सीसीए म्हणतात. ब्लेडने तार खरवडली की तांबूस कातडीखाली चांदीसारखा पांढरा रंग दिसतो. मानकांत तांब्याशिवाय दुसरं काही बसत नाही, पण पेटीवर काय छापावं याला कोण अडवणार! या तारेचा विद्युतरोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त. त्याच केबलमधून कॅमेऱ्याला वीजही द्यायची असेल तर ती गरम होते आणि लांबवरचा कॅमेरा रात्री, त्याचे इन्फ्रारेड दिवे लागले की, बंद पडतो. शिवाय ॲल्युमिनियम ठिसूळ. जॅकमध्ये पंच करताना किंवा बॉक्समध्ये वाकवताना तार आतल्या आत तुटते, वरून काही दिसत नाही. भिंतीत एकदा गेलेली केबल पुढची पंधरा-वीस वर्षं तिथेच राहणार. तिथे पैसे वाचवणाऱ्याला मी एकदा समजावतो. नाही ऐकलं तर काम घेत नाही.

भिंतीतली वाट हा या कामाचा सगळ्यात आवडता भाग. नव्या बांधकामात प्लास्टरच्या आधी बोलावलं तर काही अडचण नसते, पाइप हवा तिथून नेता येतो. पण मला बोलावतात ते रंगकाम झाल्यावर. पट्टी मारून केबल न्यायला बाईंचा विरोध, भिंत फोडायला साहेबांचा. मग मी टेलिफोनचा जुना पॉइंट शोधतो. नव्वदच्या दशकातल्या इमारतींत हॉलपासून बेडरूमपर्यंत लँडलाइनसाठी पाइप टाकलेले असतात. फोन कधीच गेला, पण आतली बारीक वायर असते. तिच्या टोकाला नवी केबल चिकटपट्टीने घट्ट, निमुळती बांधायची, थोडी साबणाची भुकटी लावायची, आणि एकाने ओढायचं, दुसऱ्याने सोडत राहायचं. ओढताना हिसका द्यायचा नाही. केबल ताणली की आतले पीळ लांबतात आणि मग सगळ्या खटाटोपावर पाणी. कोपऱ्यावर तिला केबलच्या जाडीच्या चौपट तरी त्रिज्येचं वळण हवं, काटकोनात मोडायची नाही. जॅकपाशी पीळ अर्ध्या इंचाहून जास्त उकलायचा नाही. दुसऱ्याचं काम तपासताना मी पहिल्यांदा हेच बघतो. जॅकमागे बोटभर लांबीच्या सरळ तारा पिंजारलेल्या दिसल्या की त्या माणसाचं बाकी काम बघायची गरज उरत नाही.

विजेच्या पाइपमधून मात्र कुणी कितीही आग्रह केला तरी लॅन नेत नाही. कारण नुसतं गोंगाटाचं नाही. लॅनच्या केबलचं पातळ आवरण २३० व्होल्टच्या शेजारासाठी केलेलं नसतं. विजेच्या वायरचं आवरण कधी वितळलं तर करंट सरळ लॅपटॉपपर्यंत.

आणि गच्चीवरून, एका बंगल्यातून दुसऱ्या बंगल्यात उघड्यावर तांब्याची केबल टाकू नये. मे अखेरीस वळवाचा पाऊस आला की माझा फोन वाजायला लागतो. वीज अंगावर पडायला लागत नाही. आसपास पडली तरी लांबलचक तारेत इतका दाब उसळतो की दोन्हीकडचे पोर्ट मरतात. प्रत्येक पोर्टमध्ये छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, तो दीड हजार व्होल्टपर्यंत सोसतो, पण आकाशाचा हिशेब वेगळाच. दोन इमारतींमध्ये फायबर टाकावी. काचेतून वीज जात नाही.

सगळं जोडून झालं की मी घरातल्या दोन कॉम्प्युटरांवर आयपर्फ हा वेग मोजणारा प्रोग्रॅम चालवतो. इंटरनेटचा वेग मोजून घरची केबल कळत नाही, दोघांमधलाच वेग मोजायला हवा. गिगाबिटवर ९४० मेगाबिटच्या आसपास आकडा आला की मी सामान आवरायला घेतो. उरलेले साठ कुठे गेले, असं चौकस माणूस विचारतोच. ते पाकिटांवरच्या पत्त्यांत आणि दोन पाकिटांमधल्या मोकळ्या जागेत जातात, तिथे कुणी चोर नाही.

हवा सोडून तार का धरायची, हे इथरनेटच्या जन्मकथेतच आहे. १९७३ साली झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात बॉब मेटकाफने इथरनेटची कल्पना मांडली आणि डेव्हिड बॉग्जबरोबर ती उभी केली. त्याच्यासमोर हवाई बेटांवरचं अलोहा नेटवर्क होतं, ते चालायचं रेडिओवर. सगळे एकाच हवेत बोलणार, दोघं एकदम बोलले की दोघांचंही फुकट, मग थांबून पुन्हा प्रयत्न. मेटकाफने तो खेळ हवेतून तारेत आणला. पुढे स्विच आले, प्रत्येकाला स्वतंत्र तार मिळाली आणि ती टक्कर संपली. वायफायमध्ये आपण पुन्हा त्याच सामाईक हवेत येऊन बसलो आहोत, आणि सोसायटीतल्या पन्नास राउटरांना २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांच्या अंगावर न येणाऱ्या वाहिन्या मिळतात तीनच.

म्हणून घरात केबल टाकली की टीव्ही, ऑफिसचा लॅपटॉप, कॅमेरे ही सगळी जड मंडळी हवेतून उतरवून तारेवर घेतो. कोपऱ्यात टीव्हीमागे दडलेला वायफायचा डबा केबलच्या जोरावर घराच्या मध्यावर, पॅसेजच्या छताला नेऊन लावतो. फोनना मोकळी हवा मिळते, स्वयंपाकघरात रेंज येते.

मागे सदाशिव पेठेत असंच काम केलं. दोन आठवड्यांनी घरच्या आजोबांचा फोन. म्हणाले, "अहो, तुम्ही एवढ्या वायरी ओढल्यात खऱ्या, पण खरं सांगू का, आमचं वायफायच आता फार छान चालतंय. उगाच खर्च केला."

मी म्हटलं, "असू द्या हो आजोबा. फक्त त्या वायफायच्या डब्याला गेलेली निळी वायर काढू नका."