फेंकू नको, कामकू आता

आमच्या घरात कचऱ्याची बादली फार उशिरा आली. त्याआधी कचरा म्हणावं असं काही उरतच नसे. भाजीची देठं शेजारच्या शेळीला, चुलीतली राख भांड्यांना, चिंध्या वाकळेला. इतकं करूनही काही हातात उरलंच आणि आमच्यापैकी कुणी ते उकिरड्याकडे घेऊन निघालं, की आतून अम्माचा आवाज यायचा, "फेंकू नको रे, कामकू आता!"

आम्ही पाच भावंडं. तीन बहिणी, दोन भाऊ. थोरला साठीला टेकला आहे, धाकटीनं चाळिशी ओलांडली आहे. लेख एकाच्या हातचा असला तरी आठवणी पाचांच्या आहेत. एकाला जे आठवेना ते दुसऱ्यानं सांगितलं. म्हणून इथं 'आम्ही' असंच लिहिलं आहे.

आम्ही जातीनं पिंजारी. सांगलीत, कृष्णेचं पाणी चढलं की उंबऱ्याला लागेल अशा टप्प्यात आमचं घर. अब्बा खांद्यावर पिंजण टाकून गल्लोगल्ली फिरायचे. तातीवर लाकडी ठोकळा पडला की जो आवाज निघायचा, तो ऐकून बायका घरातूनच ओळखायच्या, गादीवाला आला. दोन-चार वर्षं वापरून दगडासारखी झालेली गादी अब्बा अंगणात उसवायचे, आतला गोळा झालेला कापूस बाहेर काढून पिंजायचे. धूळ, सरकीची टरफलं, कडक गाठी खाली पडायच्या आणि कापूस पुन्हा फुलून ढगासारखा वर यायचा. त्यात थोडा नवा कापूस मिसळला की जुन्या खोळीत नवी गादी तयार. आज ज्याला पुनर्वापर म्हणतात, तो आमच्या अब्बांचा धंदाच होता. तो शब्द मात्र त्यांनी कधी ऐकला नाही.

गिऱ्हाइकाचा मूठभर कापूसही ते घरी आणत नसत. उरलेला कापूस पुडी बांधून मालकिणीच्या हातात द्यायचा, हा त्यांचा नियम. त्यामुळे गावाला गाद्या करून देणाऱ्याची पोरं स्वतः मात्र वाकळेवर झोपायची. आमच्या उशांत चिंध्या असायच्या. रात्री कूस बदलली की एखादं जुनं बटण कानाला टोचायचं.

वाकळ हे अम्माचं खातं. लोक तिला गोधडी म्हणतात, आमच्या भागात वाकळ. अम्माची साडी बसायच्या जागी विरली की ती आधी तिला दंड घालायची. विरलेला भाग कापून टाकायचा, दोन्ही धड तुकडे जोडायचे आणि जोड निऱ्यांत लपवायचा. अशी साडी आणखी वर्षभर जायची. मग तिच्यातून धाकटीचा परकर निघायचा, परकरातून उशीचा अभ्रा, आणि शेवटी जे उरेल ते वाकळेत. त्यातल्या त्यात धडसं कापड वर आणि खाली, अगदी विरलेलं मधे. चारी बाजूंनी धावदोरा घालत घालत मधोमध यायचं. दुपारी शेजारच्या काकू आणि मामी सुया घेऊन बसायच्या. वाकळ एकीची, टाके चौघींचे.

अब्बांच्या फाटक्या पँटीच्या पायांच्या पिशव्या व्हायच्या. तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा कापून, ठोकून कधी पिठाचा डबा तर कधी कोथिंबिरीचा वाफा. सायकलच्या फुटक्या ट्यूबचे वायसर. वार्षिक परीक्षा झाली की वह्यांतली कोरी पानं काढून, दाभणानं शिवून नव्या वह्या. त्यांवर कॅलेंडरच्या गुळगुळीत कागदाचं कव्हर. पुस्तकं थोरल्याकडून खाली उतरत धाकटीपर्यंत यायची. तिच्या हाती येईतो गणिताच्या पुस्तकात चारही भावंडांची उत्तरं लिहिलेली असायची, आणि त्यातली निम्मी चुकीची. वजूचं पाणी पितळी परातीत पडायचं, ते परसातल्या मेंदीला. शिळ्या चपातीचा गूळ घालून मलिदा. भाकरीचा तुकडा खाली पडला की उचलून, फुंकून, डोळ्यांना लावून खायचा. हे कुणी शिकवलं असं आठवत नाही. घरात सगळे करायचे म्हणून आम्हीही करायचो.

हे सगळं वाचायला गोड वाटतं. तेव्हा गोड वाटत नव्हतं. शाळेत शेजारच्या बाकावर नव्या कोऱ्या वहीचा वास यायचा, तेव्हा दप्तरातली शिवलेली वही बाहेर काढायची लाज वाटायची. मधलीनं एकदा मैत्रिणींना सांगितलं होतं, की पँटच्या पायाची पिशवी आमची नव्हे, शेजाऱ्यांची आहे. एका ईदला थोरल्याचा उलटून शिवलेला शर्ट घालायला लागला म्हणून धाकटा भाऊ नमाजनंतर गळाभेटीला थांबलाच नाही, तडक घरी आला. अब्बांनी त्याला जवळ बसवलं. आपले नबी (स.) स्वतःची चप्पल स्वतः सांधत, स्वतःचे कपडे स्वतः शिवत, असं हजरत आयेशांनी सांगितलेलं हदीसमध्ये आहे, ते त्याला समजावलं. तो ऐकून म्हणाला, "लेकिन अब्बा, उनकू कोई हंसता नै था." अब्बांपाशी त्याला उत्तर नव्हतं. तेही हसले, पण त्यांचे डोळे हसत नव्हते.

पिंजायची यंत्रं आली, मागून फोमच्या गाद्या आल्या. पिंजण भिंतीला लागलं. 1994 साली अब्बा गेले. त्यांचे चार शर्ट आणि दोन लुंग्या अम्मानं तीन वाकळांत घातल्या. कुठला तुकडा कुठं आहे ते तिला अंधारातही कळायचं.

आता जे सांगायचं आहे त्यासाठीच खरं तर हा लेख. 2009 साली थोरल्याच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते. तोवर आम्ही सगळे बऱ्यापैकी कमावते झालो होतो. घराला रंग दिला, फोमच्या गाद्या आणल्या. अम्मा दोन दिवस बहिणीकडे मिरजेला गेली होती. कॉटखाली त्या तीन वाकळा होत्या, रंग उडालेल्या. पाहुण्यांच्या नजरेला पडतील म्हणून आम्ही त्या हातगाडीवाल्या भंगारवाल्याला दिल्या. पाचांपैकी कुणी एकानं दिल्या असं नाही. एकानं काढल्या, दुसऱ्यानं बांधल्या, तिसरीनं पैसे घेतले, आणि बाकीचे दोघे गप्प राहिले. तिन्हींचे मिळून 40 रुपये आले.

अम्मा परत आली. कॉटखाली वाकून पाहिलं. रडली नाही, रागावली नाही. एवढंच विचारलं, "कितने कू दिये?" आम्ही सांगितलं. "अच्छा," म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

त्यानंतर तिनं वाकळ शिवली नाही. डोळ्यांना दिसत नाही म्हणायची. पण तांदळातले खडे तिला दिसायचे. 'फेंकू नको' हेही तिनं आम्हाला म्हणायचं सोडलं. आम्ही काहीही टाकलं तरी ती नुसती बघायची. ते बघणं आम्हाला बोलण्याहून जड जायचं.

नातवंडांशी मात्र तिचं जमायचं. एका नातवाला शाळेतून प्रकल्प मिळाला, टाकाऊतून टिकाऊ. त्यासाठी लागणाऱ्या सामानाची यादी आली: रंगीत कागद, चमकी, डिंकाची ट्यूब, मणी. सगळं मिळून 180 रुपयांचं. अम्मानं यादी वाचून घेतली आणि पदर तोंडाला लावून हसली. "टाकाऊ बनाने कू पैसे लगते?" पुढं 2018 मध्ये राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हा आमच्या सुना तिच्या पेटीतल्या पँटच्या पिशव्या मागायला लागल्या. तिनं एकेकीला मोजून दिल्या.

तिचं सगळंच बरोबर होतं असंही नाही. उरलेल्या गोळ्या ती डब्यात साठवायची आणि कुणाला ताप आला की त्यातून काढून द्यायची. त्यावरून भांडणं झाली. माळ्यावर झाकणं नसलेल्या बाटल्या आणि बाटल्या नसलेली झाकणं होती. पण एक गोष्ट तिला पक्की ठाऊक होती. शेतातल्या औषधाचा डबा कितीही चांगला दिसला तरी घरात आणायचा नाही. सांभाळायचं काय आणि टाकायचं काय, याची तिची स्वतःची यादी होती. आम्ही मात्र तिला कंजूस म्हणून मोकळे झालो.

कंजूस ती नव्हती, हे कळायला 2019 चा ऑगस्ट यावा लागला. आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. 2005 चा पूर पाहिलेले लोकही घाबरले. आम्ही अम्माला उचलून एका शाळेत नेलं. परत आलो तेव्हा घरभर चिखल. फोमच्या गाद्या पाणी पिऊन फुगल्या होत्या. दोघांनी उचलल्या तरी उचलेनात, आणि वाळल्यावरही त्यांचा वास जाईना. सगळ्या गल्लीनं आपापल्या गाद्या रस्त्यावर टाकल्या. माळ्यावरच्या पेटीत अम्माच्या दोन जुन्या वाकळा होत्या. भिजल्या होत्या, पण धुतल्या, पिळल्या, उघडीप मिळाली तशा वाळल्या. त्या आठवड्यात नातवंडं त्यांवरच झोपली.

मदतीच्या गाड्या लांबलांबून आल्या. धान्य आलं, पाणी आलं, चादरी आल्या. देणाऱ्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण त्यांबरोबर जुन्या कपड्यांचे ढीगही आले. फाटके ब्लाउज, चेन तुटलेल्या पँटी, एकाच पायाचा बूट. अम्मा त्या ढिगाजवळ बसली. एक साडी उलगडून उजेडात धरली आणि खूप वर्षांनी मोठ्यानं बोलली, "ऐसा नै देना."

तेव्हा आम्हाला एकेक आठवायला लागलं. रमजानमध्ये जकात-सदक्याचे कपडे काढताना ती आमच्यातले चांगले कपडे काढायची आणि आम्ही चिडायचो. आपण स्वतः जे घेणार नाही ते अल्लाहच्या नावानं दुसऱ्याला द्यायचं नाही, हे कुरआनातलं सांगणं तिनं आमच्या दादीकडून ऐकलेलं. फाटकं आपल्याला, धडकं दुसऱ्याला. ठिगळं ती स्वतःसाठी लावायची, म्हणून द्यायला तिच्यापाशी धड काहीतरी असायचं. आम्ही उलट करत आलो होतो. नवं आपल्याला आणि नकोसं झालेलं गरिबाला, आणि वर दान केल्याचं समाधान. घरातली अडगळ दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवली म्हणजे ती कमी होत नाही, फक्त आपल्याला दिसत नाही.

अम्मानं त्या ढिगाचे तीन वाटे केले. घालण्याजोगे, पुसायला आणि वाकळेला. मग सुई मागितली. दहा वर्षांनी. सुईत दोरा आम्ही ओवून द्यायचो, टाके ती घालायची. गल्लीतल्या बायका येऊन बसल्या. त्यात पूर्वीच्या काकूंच्या सुना होत्या. थंडीपर्यंत वाकळ तयार झाली. कुणाकुणाच्या गावच्या साड्या तिच्यात आहेत कोण जाणे. "उनो फेंके, हमे रखे," अम्मा म्हणाली. त्या रात्री आम्ही पाचही जण तिच्याजवळ बसलो आणि 2009 ची माफी मागितली. ती म्हणाली, "कपडा था रे. तुम्हारे अब्बा थोडेच थे." मग थोड्या वेळानं म्हणाली, "पन पूछना था."

2022 मध्ये ती गेली. वाटणी करण्यासारखं फारसं नव्हतंच. दागिना एकच, तो तिनं आधीच एका नातीच्या निकाहात दिला होता. वाकळ कुणी घ्यायची यावर आम्ही वाद घातला नाही. दर थंडीला ती एकेका घरी जाते.

यंदा ती धाकटीकडे आहे. एका कोपऱ्याचा धावदोरा उसवला आहे आणि तिथलं कापड विरलं आहे, असा परवा तिचा फोन आला. ठिगळ लावायला थोरल्यानं स्वतःचा जुना शर्ट पाठवला आहे. पाठवण्याआधी त्यानं आम्हा चौघांना फोन करून विचारलं.