राखून ठेवलेले दिवस

देवस्थानच्या अग्रशाळेत खोली हवी असली म्हणजे पूर्वी आगाऊ पत्र टाकावयाचे आणि तेथील कारकुनाने आपल्या वहीत नाव लिहून घ्यावयाचे, असा शिरस्ता असे. मंगेशी, म्हार्दोळ किंवा कवळे येथे कुलदेवतेच्या दर्शनास जाणाऱ्या हुबळी-धारवाडच्या मंडळींस हे नव्याने सांगावयास नको. वही एक आणि लिहिणारा हातही एक. त्यामुळे एका खोलीवर दोघांचा हक्क सहसा लागत नसे.

आमचे धारवाडातील मालमड्डीचे वडिलोपार्जित घर आता पाहुण्यांस दिवसाच्या भाड्याने दिले जाते. उच्च न्यायालयाच्या खंडपीठात काम असलेले पक्षकार, आयआयटीत शिकणाऱ्या मुलांचे आईवडील, विद्यापीठात परीक्षक म्हणून येणारे प्राध्यापक असे लोक येथे उतरतात. घराची जाहिरात दोन संकेतस्थळांवर होती. म्हणजे वह्या दोन झाल्या. एका वहीत लिहिलेले दुसरीस कळावे म्हणून दोन्ही कॅलेंडरे एकमेकांस जोडलेली होती. कॅलेंडरातील नोंदी एका ठरावीक साच्यात लिहिण्याचे मानक १९९८ साली ठरले आणि २००९ साली सुधारले गेले. त्यानुसार प्रत्येक संकेतस्थळ आपल्या कॅलेंडरची एक लिंक देते. ती दुसऱ्या संकेतस्थळास दिली की ते काही तासांनी पुनःपुन्हा ती वाचते आणि तेथे भरलेले दिवस आपल्याकडे बंद करते.

आमच्या घरास आणखी एक, तिसरी लिंक होती. ती होती पुण्यास राहणाऱ्या आमच्या थोरल्या बंधूंच्या कॅलेंडरची. घर पाहुण्यांस द्यावे, परंतु चतुर्थी आणि वडिलांचे श्राद्ध याच वास्तूत व्हावे, एवढीच त्यांची अट होती. तिथी तारखेस बांधलेली नसते. गणेश चतुर्थी २०२३ साली १९ सप्टेंबरास, २०२४ साली ७ सप्टेंबरास, तर २०२५ साली २७ ऑगस्टास आली. बंधू दरवर्षी पंचांग पाहून या तारखा आपल्या कॅलेंडरात लिहीत आणि इकडे धारवाडात घर त्या दिवसांपुरते आपोआप बंद होई.

बंधू गेले. त्यांच्या मुलाने वडिलांची खाती एकेक करून बंद करावयास घेतली. त्याच सुमारास दुसऱ्या संकेतस्थळावरील जाहिरातही काढून घ्यावी असे आम्ही ठरविले. दोन ठिकाणची उस्तवार आता झेपत नव्हती. तेव्हा दोन लिंका काढावयाच्या होत्या. हे काम करण्यास मिनिटभरही लागत नाही: कॅलेंडरच्या उपलब्धतेच्या भागात जोडलेल्या कॅलेंडरांची यादी असते, तेथे नाव निवडावे आणि काढून टाकावे. परंतु लिंक काढली की तिने बंद ठेवलेले दिवसही मोकळे होतात. याच संकेतस्थळावर झालेली बुकिंगे जागच्या जागी राहतात. बाहेरून आलेली नोंद तेवढी पुसली जाते, आणि तो दिवस कोणाही परक्यास घेता येतो.

हे वहिनींस समजावून सांगितले, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “ते दीस आदीं बरोवन दवरात.”

त्याप्रमाणेच क्रम ठेवला. प्रथम दुसऱ्या संकेतस्थळावर नवी बुकिंगे घेणे थांबविले. तेथे आधीच ठरलेल्या पाहुण्यांचे दिवस आणि बंधूंनी लिहिलेले दिवस एका कागदावर उतरवून घेतले, आणि उरलेल्या कॅलेंडरात ते स्वतःच्या हाताने बंद केले. मग लिंका काढल्या. शेवटी, आमच्या कॅलेंडरची जी लिंक दुसऱ्या संकेतस्थळास दिली होती तीही तेथून काढली. येणारी आणि जाणारी लिंक वेगवेगळ्या असतात. एक तोडल्याने दुसरी तुटत नाही.

यंत्र आपल्यासाठी एखादा दिवस राखते, तेव्हा त्यामागे कोणी तरी पंचांग उघडून बसलेला असतो, ही गोष्ट तो माणूस असेपर्यंत सहसा ध्यानी येत नाही. लिंक काढणाऱ्याने म्हणून केवळ लिंक काढून भागत नाही. ती जे काम करीत होती ते त्याच्याकडे येते. तसे न केले तर वडिलांच्या श्राद्धास मुलानेच परक्याची परवानगी मागावयाची पाळी येईल. घर भाड्याने देण्यात कमीपणा नाही, परंतु असा प्रसंग कोणत्याही घरावर येऊ नये.

२०२६ साली ज्येष्ठ अधिक असल्याने चतुर्थी १४ सप्टेंबरास येते. पुतण्याने पुण्याहून फोन करून तारीख विचारली, पंचांगाशी ताडून पाहिली, आणि तो दिवस या वेळी त्यानेच बंद केला.