शेगडीजवळची पोरगी

राजवाड्यातल्या बायकांच्या चित्राशी आपला काय संबंध, असं दोस्तांनो तुम्ही विचाराल. संबंध आहे. कापडाचा आहे.

चित्र चीनचं. आठव्या शतकात, तांग राजवटीत, झांग शुआन नावाच्या दरबारी चिताऱ्यानं काढलेलं. मूळ चित्र हरवलं. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला सोंग घराण्याच्या ह्वेइत्सुंग राजाच्या दरबारात त्याची नक्कल झाली. ती आज अमेरिकेत, बोस्टनच्या संग्रहालयात आहे. ३७ सेंटिमीटर उंच आणि जवळजवळ दीड मीटर लांब रेशमी पट्टा. रेशमावर रेशमाचंच काम रंगवलेलं. मी पाहिलं ते लायब्ररीतल्या पुस्तकात.

बाया-पोरी मिळून बारा जणी. चौघींजवळ मुसळासारखे लांब दांडे. कच्च्या रेशमाचा ताठरपणा जावा म्हणून त्या कापड कांडताहेत. एक बाही वर सारतेय. पुढं दोघी बसून दोऱ्याचं, शिवणाचं काम करतात. शेवटी कापड ताणून धरलंय आणि एक बाई निखाऱ्यांनी भरलेल्या भांड्यानं इस्त्री फिरवतेय.

मी गिरणीत स्टेंटरवर आहे. कापड दोन्ही कडांनी ताणून गरम हवेतून काढायचं, हेच माझं पाळीभरचं काम. म्हणून कापड ताणणारी बाई मागं रेललीय, ते मला लगेच पटलं. चिताऱ्यानं काम नीट पाहिलंय.

पण घाम कुठाय? केस जिथल्या तिथं, कपाळावर टिकल्या, अंगावर नक्षीचे कपडे. दरबाराला श्रम असेच बघायला आवडतात. धुतलेले, वास नसलेले. आणि हे रेशीम आलं कुठून? तांग राजवटीत शेतकऱ्यानं धान्य द्यायचं, कापड द्यायचं, वर वर्षाला २० दिवस वेठ. ही पद्धत ७८० साली मोडली. तोवर ज्या घराघरांतल्या बाया राजासाठी विणत बसल्या, त्या या बारा जणींत नाहीत.

एकच पोरगी खरं सांगते. शेगडीपुढं उकिडवी बसून ती पंख्यानं निखारे फुलवतेय. धग सोसेना म्हणून तोंड फिरवून तिनं बाही आड धरलीय. बारा जणींत आगीचा चटका फक्त तिलाच बसतो. तिला मी ओळखतो.

तिथं रेशमाला लागलेला हात शोभेचा झाला. इथं आपला हात विटाळाचा ठरला. माझा पणजा मुंबईच्या एका गिरणीत रिंग खात्यात होता. विणाई खात्यात पगार जास्त, पण तिथं आपल्या माणसाला मज्जाव. का? तर कांडी बदलताना धाग्याचं टोक तोंडानं धोट्यातून ओढावं लागे. आपली थुंकी लागली की सवर्ण कामगार बाटत होता! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल संपाच्या पुढाऱ्यांपुढं ठेवला. कुणाचा हात सुंदर आणि कुणाचा घाण, हे काम ठरवत नाही, व्यवस्था ठरवते.

ह्वेइत्सुंगला पोरगी काय नि राणी काय, सारख्याच होत्या म्हणा. ११२७ साली जिन सैन्यानं त्याला कैद करून उत्तरेला नेलं, तेव्हा राजवाड्यातल्या बायाही हाकलत नेल्या. चित्राला राजाचं नाव चिकटून राहिलं. बायांपैकी एकीचंही नाही.

आपल्या कवितेला घामाचा वास येतो म्हणून काही समीक्षक नाक मुरडतात. त्यांनी या चित्रातली शेगडी बघावी. आपण मात्र लिहायचं ते त्या पोरीच्या जागेवर बसून. तोंड न फिरवता.