तो आळस नव्हता

भिलाईच्या कारखान्याच्या वसाहतीत घरांचं घड्याळ पाळीवर चालतं. पहिली पाळी, दुपारपाळी, रात्रपाळी. १९५९ साली इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली, तेव्हापासून इथल्या बायकांचे डबे, झोपा आणि सणवारही या पाळ्यांशी जुळवून घेत आले आहेत.

नागपूरहून लग्न होऊन सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये आलेल्या त्या गृहिणीच्या स्वयंपाकघरातही कालनिर्णय टांगलेलं असे. त्यावर नवऱ्याच्या पाळ्या लाल शाईने लिहिलेल्या असत. कोणत्या आठवड्यात डबा पहाटे पाचला हवा आणि कोणत्या आठवड्यात दुपारी घरात आवाज करायचा नाही, हे घरातल्या लहानग्यालाही पाठ होतं. तिची स्वतःची पाळी मात्र कधी दोन-दोन महिने येत नव्हती, आली की दहा-दहा दिवस थांबत नव्हती. त्याची नोंद त्या कालनिर्णयावर कुठेच नव्हती.

वय एकोणचाळीस. वर्षभरात वजन नऊ किलोंनी वाढलं. खरं तर जेवण कमीच झालं होतं. सकाळी उठल्यावरच अंग मोडून आल्यासारखं वाटे. विंचरताना केसांचा पुंजका हातात येई. त्वचा कोरडी पडली, आवाज जडावला. मे महिन्यात भिलाईचा पारा चव्वेचाळिसावर गेला की सगळं घर कूलरपुढे बसे आणि ती मात्र थंडी वाजते म्हणून आतल्या खोलीत जाई.

‘‘बसून बसून अंग जड झालंय,’’ सासूबाई म्हणत. ‘‘आमच्या वेळी असली थेरं नव्हती.’’

‘‘अगं, थोडी हिंडत-फिरत जा,’’ नवरा रात्रपाळीहून आल्यावर सांगे आणि झोपून जाई.

ती ऐकून घेई. हळूहळू तिलाही वाटू लागलं की आपण आळशीच झालो आहोत. आजारापेक्षा हे वाटणं जास्त वाईट होतं, कारण आळसासाठी कुणी डॉक्टरकडे जात नाही.

एकदा दूध गॅसवर ठेवून ती विसरली. पातेलं जळून काळं झालं तरी तिला वास आला नाही. ती तिथेच खुर्चीवर डुलकी लागून बसली होती. कॉलेजात जाणाऱ्या लेकीने गॅस बंद केला आणि त्याच आठवड्यात हट्टाने आईला डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरीणबाईंनी गळा चाचपला, नखं पाहिली, पाळीची चौकशी केली आणि रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. टीएसएचचा आकडा नेहमीच्या मर्यादेच्या कितीतरी पट वर आला. थायरॉइड ग्रंथीचं काम मंदावलं होतं.

‘‘तुमचे मिस्टर कारखान्यात आहेत ना?’’ बाईंनी समजावलं. ‘‘मशीन नीट चाललं की मुकादम गप्प असतो. मशीन मंद झालं की तो ओरडायला लागतो. टीएसएच हा मेंदूतल्या ग्रंथीने थायरॉइडला दिलेला आवाज आहे. आकडा वाढलाय म्हणजे मुकादम ओरडतोय आणि मशीन ऐकत नाहीये.’’

संप्रेरकं, म्हणजेच हार्मोन्स, ही रक्तातून फिरणारी निरोपी रसायनं. अर्नेस्ट स्टारलिंग या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९०५ साली त्यांना ‘हार्मोन’ हे नाव वापरलं. मात्रा अगदी थोडी, पण पाळी, झोप, वजन, केस, मनःस्थिती अशा अनेक गोष्टींवर त्यांचा अंमल. म्हणून बिघाड एका ठिकाणी झाला तरी तक्रारी दहा ठिकाणी दिसतात आणि बाई ‘सतत काहीतरी सांगत असते’ असं घरच्यांना वाटतं.

रोज सकाळी उपाशीपोटी एक छोटी गोळी आणि त्यानंतर निदान अर्धा तास चहासुद्धा नाही, असं ठरलं. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चार तासांच्या अंतराने घ्यायची. दोन महिन्यांत तिला पुन्हा पायऱ्या चढाव्याशा वाटू लागल्या.

गोष्ट इथे संपायला हवी होती, पण संपली नाही. भिशीला आलेल्या एका मैत्रिणीने सांगितलं, ‘‘वहिनी, जन्मभर गोळ्या कशाला खाता? माझ्याकडे चूर्ण आहे, अगदी नैसर्गिक.’’ तिने घरात कुणालाच न सांगता गोळी बंद केली. दोन महिन्यांत चेहरा सुजला, शब्द अडखळू लागले, पाळीचा रक्तस्राव थांबेना. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, ‘‘तुमच्या शरीराने जे थायरॉक्सिन तयार करायला हवं होतं, तेच या गोळीत आहे. याहून नैसर्गिक मी तुम्हाला काय देऊ?’’

आयोडीनयुक्त मीठ घरात असूनही हा आजार होऊ शकतो. शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर उलटते, असा प्रकार हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी १९१२ साली नोंदवला होता. तिथे काढा किंवा पथ्य गोळीची जागा घेऊ शकत नाही.

मग घरगुती उपायांना काहीच अर्थ नाही का? आहे, आणि तो त्याच घरात दिसला. लेकीची पाळीही तीन-तीन महिने येत नव्हती, हनुवटीवर राठ केस उगवले होते, मुरमं जात नव्हती. तिला पीसीओएस निघाला. प्रजननक्षम वयातल्या साधारण आठ-दहा स्त्रियांमागे एकीला तो असतो. यात बऱ्याच जणींच्या शरीराला इन्सुलिन नीट वापरता येत नाही. वजन जास्त असेल तर ते पाच ते दहा टक्के उतरलं तरी अनेकींची पाळी मार्गावर येते. म्हणजे सत्तर किलोच्या मुलीने साडेतीन ते सात किलो कमी करायचे. चमत्कार नको, चिकाटी हवी.

घरात उपवास किंवा महागड्या पावडरी आल्या नाहीत. ताटातला भात निम्मा झाला. त्या जागी मूग, हुलगे, दही, लाल भाजी आणि ज्याला इथे मुनगा म्हणतात त्या शेवग्याच्या शेंगा आल्या. बिस्किटं आणि थंड पेयं बंद झाली. ऊन चढायच्या आत मायलेकी झाडांच्या सावलीतल्या रस्त्याने चाळीस मिनिटं भरभर चालू लागल्या. रात्रपाळीच्या आठवड्यातही दोघींनी झोपेची वेळ मोडली नाही. आठ महिन्यांत लेकीची पाळी बरीचशी नियमित झाली. तपासण्या मात्र चालूच आहेत, कारण पुढे मधुमेहाचा धोका राहतो.

कोणत्या खुणांकडे काणाडोळा करू नये, हे आता ती भिशीत स्वतःच सांगते. पाळी एकवीस दिवसांच्या आत किंवा पस्तीस दिवसांनंतर येत राहणं, सात दिवसांहून जास्त रक्तस्राव, कारण नसताना वजनात मोठा फरक, न संपणारा थकवा, चेहऱ्यावर राठ केस. नुकती पाळी सुरू झालेल्या मुलींची पहिली दोन-तीन वर्षं थोडी पुढे-मागे होतात, त्याने घाबरू नये. पण पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर एक दिवसही थांबू नये. आणि केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त देण्यापूर्वी डॉक्टरांना सांगा, त्याने थायरॉइडचे आकडे फसवे येतात.

सासूबाई आता काही बोलत नाहीत. एकदा मात्र तिच्या डोक्याला तेल लावता लावता हळूच म्हणाल्या, ‘‘मलाही तुझ्या वयात असंच व्हायचं गं. कुणी विचारलंच नाही.’’

स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर नवऱ्याच्या पाळ्या अजूनही लाल शाईनेच लिहिलेल्या असतात. त्यांच्याखाली निळ्या शाईच्या दोन प्रकारच्या खुणा असतात, फुली आईची आणि टिंब लेकीचं. गेल्या महिन्यात ती फुली करायला विसरली, तर रात्रपाळीहून आलेल्या नवऱ्यानेच विचारलं, ‘‘अगं, या महिन्याची खूण राहिली का?’’