न पाहिलेल्या मालिकेची पुस्तकं

दूरचित्रवाणी मालिकेवरून लिहिलेल्या कादंबऱ्यांना साहित्याच्या पंगतीत कुणी पाट मांडत नाही. आधी पडदा, मग त्याचं उष्टं, असा त्यांच्याबद्दलचा समज. मराठीत तर ही दिशाच अनोळखी. चिं. वि. जोशींचे चिमणराव, ताम्हनकरांचा गोट्या, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, सगळे छापील पानातून पडद्यावर गेले. उलट वाटेने आलेली पुस्तकं मला पोलादपुरात भेटली आणि त्यांनीच मला इंग्रजी वाचायला लावलं. त्यांची बाजू मांडावी असं फार दिवस मनात आहे.

पोलादपूर डोंगरांच्या खोबणीत आहे. आंबेनळी घाट चढला की महाबळेश्वर, कशेडी उतरला की खेड. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनचं चित्र आमच्या वाडीपर्यंत येतच नसे. महाडला ओळखीच्या एका घरी उंच बांबूवर अँटेना होती, पण तिथेही निम्म्या वेळी मुंग्याच दिसायच्या. त्यात पावसाळा. सावित्री फुगली की वीज जायची आणि चार-चार दिवस यायची नाही. त्या वर्षांत मुंबईत रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ लागायची. ती माझा मामा बघायचा.

मामा फोर्टातल्या एका कचेरीत शिपाई होता. चाळीत ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या दारात उभं राहून तो ती मालिका बघायचा. संवाद इंग्रजी, त्यामुळे त्याला कळायचं फार थोडं. फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्याला त्याच मालिकेतल्या अंतराळयानाचं चित्र असलेलं पुस्तक दिसलं आणि गणपतीला येताना त्याने ते माझ्यासाठी आणलं. लेखक जेम्स ब्लिश. मी नुकता इंग्रजी वाक्यं जुळवायला शिकलो होतो. शब्दकोश मांडीवर घेऊन एक पान व्हायला संध्याकाळ लागायची.

मग आमची देवाणघेवाण सुरू झाली. मामाने पाहिलं होतं पण त्याला कळलं नव्हतं. मला कळत होतं पण मी पाहिलं नव्हतं. तो सांगायचा, माणूस उभ्या जागी चकाकतो आणि विरतो. मी सांगायचो, तो यानातून खाली ग्रहावर जातो. (दर भागात यान ग्रहावर उतरवण्याचा खर्च निर्मात्यांना परवडणारा नव्हता, म्हणून ही युक्ती निघाली, हे मला खूप नंतर कळलं.) एका भागावर मामा चिडलेला होता. “गाडी येते, बाई रस्त्यात. डॉक्टर धावतो वाचवायला, नि कप्तानच त्याला मिठी मारून धरून ठेवतो! मरू दिली रे तिला. असला कसला कप्तान?” ती गोष्ट ब्लिशने मालिकेच्या भागांवरून लिहिलेल्या पुस्तकांच्या दुसऱ्या खंडात होती. ती बाई जगली तर तिच्या शांततेच्या चळवळीमुळे अमेरिका महायुद्धात उशिरा उतरेल, हिटलर जिंकेल, पुढचा सगळा इतिहास पुसला जाईल. कप्तानाचं तिच्यावर प्रेम आहे आणि तरीही त्याला तिला जाऊ द्यावं लागतं. हे सगळं मी मामाला ओटीवर बसून सांगितलं. त्याने सुपारी कातरायची थांबवली आणि म्हणाला, “मग तिला विचारायचं तरी होतं.” त्या भागावर मी पुढे बरंच काही वाचलं, पण मामाच्या त्या वाक्याइतकं खोल कुणी गेलेलं मला आठवत नाही.

ब्लिश हा काही मालिकांवर पोट भरणारा कारागीर नव्हता. ‘अ केस ऑफ कॉन्शन्स’ या त्याच्या कादंबरीला 1959चा ह्यूगो पुरस्कार मिळाला होता. ‘स्टार ट्रेक’ 8 सप्टेंबर 1966 रोजी अमेरिकेत सुरू झाली आणि त्याचा पहिला खंड जानेवारी 1967मध्ये बाजारात आला. म्हणजे पडद्याकडे बघून लिहिण्याइतका अवधी त्याच्याकडे नव्हताच. त्याच्यापुढे होत्या पटकथा, त्याही पुष्कळदा आधीचे खर्डे. म्हणून पुस्तकातली कितीतरी वळणं पडद्यावर वेगळी दिसतात. हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला. लिहिणाऱ्यानेही कागदावरूनच ते यान उभं केलं होतं, मीही कागदावरूनच. मालिका आमच्या दोघांच्या मध्ये कुठेतरी होती. सुरुवातीच्या खंडांत तो मोकळेपणाने आटवतो, बदलतो. पुढे पुढे पटकथेला चिकटून राहतो आणि मजकूर फिका पडतो. 1975मध्ये तो गेला. बारावा खंड त्याच्या पत्नीने, जुडिथ लॉरेन्सने, पुरा केला.

पुस्तक पडद्याला सगळीकडे पुरं पडतं असं मात्र नाही. संदेश सांभाळणारी उहुरा मी वाचली होती. मामाने सांगितलं, “काळी बाई आहे. कप्तानाच्या मागेच बसते, कानाला यंत्र लावून. तिचं सगळे ऐकतात.” पडद्यावर तिचा चेहराच हे सांगतो. छापील पानात लेखकाने आवर्जून लिहावं लागतं, नाहीतर वाचणाऱ्याच्या हातून ते निसटतं. मी महाडच्या शाळेत जात होतो. चवदार तळ्याचं पाणी माणसांनी प्यावं यासाठी बाबासाहेबांना जिथे 20 मार्च 1927 रोजी हजारोंना घेऊन चालत जावं लागलं, ते हे गाव. मामाचं बोलणं ऐकून मी ती सगळी पानं पुन्हा वाचली, या वेळी तिला मधोमध बसवून.

नुसते संवाद उतरवून घेणाऱ्या कादंबऱ्या मला आवडत नाहीत, आणि तशा पुष्कळ आहेत. खरी चांगली पुस्तकं मालिकेने अर्धवट सोडलेल्या जागेत शिरतात. सुकाणूवर बसणाऱ्या सुलूला मालिकेत पाळण्यातलं नावच नव्हतं. वोंडा मॅकिन्टायरने 1981मध्ये ‘द एन्ट्रॉपी इफेक्ट’ या कादंबरीत त्याला हिकारू म्हटलं. दहा वर्षांनी, मालिकेवरून निघालेल्या 1991च्या चित्रपटात, पडद्याने ते नाव मान्य केलं. जॉन फोर्डने 1984मध्ये शत्रूच्या, क्लिंगनांच्या, घरात बसून अख्खी कादंबरी लिहिली.

माझी ती पुस्तकं आता नाहीत. बरीचशी महाडच्या घरात होती, जुलै 2021च्या पुरात गेली. मालिका मात्र आता हवी तेव्हा बघता येते आणि मी ती बघितली. कप्तान मला अजून परका वाटतो, माझ्या कप्तानाचा आवाज जड होता. यानावरचा अधिकारी स्पॉक मात्र हुबेहूब निघाला. त्याचे कान, भुवया, न हसणं, सगळं मामाने बरोबर सांगितलं होतं.

1998मध्ये दूरदर्शनवर ‘कॅप्टन व्योम’ ही अंतराळातली मालिका आली तेव्हा मी शाळेत शिकवत होतो. मुलं वेडी झाली होती. तिचं मराठी पुस्तक आमच्या हाती कधी आलं नाही, म्हणून मी वर्गाला म्हटलं, तुम्हीच लिहा, मालिकेत न दाखवलेलं काहीतरी. बहुतेकांनी लढाया लिहिल्या. एकाने यान कशेडी घाटात उतरवलं. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, “सर, यानात भाकऱ्या कोण करतं?” मी म्हटलं, ते तू ठरव. तिने दोन वह्या भरल्या.